एचएसएत ९०० डॉलर जास्त गेले, रिटर्नमध्ये काय दाखवायचं?

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी, २०२५ चा टॅक्सचा सीझन आहे, त्यामुळे असले धागे आधी असतीलच, पण शोधून माझ्या केसचं नेमकं काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय.

२०२४ मध्ये जूनअखेर जुनी नोकरी सोडली आणि १ जुलैपासून नवी धरली. दोन्हीकडे फॅमिलीचा हाय डिडक्टिबल प्लॅन (एचडीएचपी, म्हणजे सुरुवातीचा बराच खर्च आपणच करायचा असा हेल्थ इन्शुरन्स) आणि दोन्हीकडे एचएसए (त्याच्या जोडीचं, उपचारखर्चासाठीचं टॅक्स वाचवणारं बचत खातं), मध्ये एक दिवसाचाही खंड नाही. जुन्या कंपनीने जानेवारीतच त्यांचे १,००० टाकले होते आणि माझ्या पगारातून ६०० प्रमाणे सहा महिने ३,६०० गेले. नवीन कंपनीने पण जॉइन झाल्याझाल्या १,००० टाकले आणि मी पोर्टलवर परत ६०० च लिहिले, ते डिसेंबरपर्यंत कापले गेले. आता दोन्ही डब्ल्यू-२ (कंपनीकडून येणारं पगाराचं वार्षिक पत्रक) शेजारी ठेवल्या तर बॉक्स १२ मध्ये एचएसएच्या डब्ल्यू कोडपुढे इकडे ४,६०० तिकडे ४,६००, बेरीज ९,२००, आणि २०२४ ची फॅमिली लिमिट ८,३००. दोन्ही पेरोल आपापल्या जागी बरोबर आहेत, एकाला दुसऱ्याचं माहीत असायचं कारण नाही.

सॉफ्टवेअर म्हणतंय ९०० एक्सेस, पेनल्टी ५४. ठीक आहे, ५४ देऊन टाकू, पण रिफंड २५२ ने कमी झालाय. हे गणित काही लागत नाही. आम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये आहोत, जॉइंट फायलिंग, टेक्सास म्हणजे स्टेट टॅक्स नाही. कोणी यातून गेलंय का?

चाफेकळी

त्यात काय एवढं, ९०० खर्च करून टाका की! उन्हाळ्यात पुण्याला जाणार असाल तर दाताचं काम काढा, भारतातल्या डेंटिस्टचं बिल एचएसएला चालतं, मी स्वतः रूट कॅनाल आणि दोन कॅपचे पैसे असेच घेतले होते. पैसे खात्यात राहिलेच नाहीत तर एक्सेस कसला.

तिरकस

५४ डॉलरसाठी धागा. एवढ्यात चौघांचं थाळी रेस्टॉरंटमधलं जेवण पण होत नाही हो हल्ली. देऊन टाका आणि मोकळे व्हा.

आकडेमोड

चाफेकळी, भारतातल्या डेंटिस्टचं बिल चालतं हे अगदी बरोबर, पण त्याने एक्सेस जात नाही. एक्सेस हा वर्षभरात आत किती गेलं यावरून ठरतो, खात्यात आज किती शिल्लक आहे यावरून नाही. दाताला ९०० दिले तर तो साधा मेडिकल खर्च झाला, जास्तीचे ९०० आत गेले होते ते गेलेच. हा सल्ला ऑफिसच्या किचनमध्ये दरवर्षी कोणीतरी कोणाला तरी देतंच, म्हणून आधी तेवढं सांगून टाकलं.

फ्रिस्कोकर, तुमचे २५२ म्हणजे ५४ अधिक १९८. ९०० चे २२ टक्के १९८. पेरोलमधून गेलेले पैसे तुमच्या डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ मध्ये धरलेलेच नसतात, म्हणजे त्यावर टॅक्स लागलेला नाही, आणि ही सूट फक्त लिमिटपर्यंत. लिमिटच्या वरचे ९०० अजून तुमचं उत्पन्नच आहेत, ते शेड्यूल १ वर इतर उत्पन्न म्हणून येतात. हे १९८ या रिटर्नमध्ये काही केलं तरी जाणार, त्याला दंड म्हणू नका, तो न भरलेला टॅक्स आहे. दंड फक्त ५४, आणि तो मात्र पूर्ण टाळता येतो.

कसा, तर रिटर्नच्या मुदतीपर्यंत म्हणजे १५ एप्रिल २०२५ पर्यंत, एक्स्टेंशन घेतलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत, ते ९०० आणि त्यावर जी काही कमाई झाली ती खात्यातून बाहेर काढायची. आता यात मेख अशी की तुम्ही पोर्टलवर जाऊन नेहमीसारखं पैसे काढा बटण दाबून ९०० बँकेत घेतले तर ते साधं डिस्ट्रिब्यूशन म्हणून नोंदलं जातं, पुढच्या जानेवारीत १०९९-एसए (एचएसएतून काढलेल्या पैशांचं पत्रक) येतो त्यावर कोड १ असतो, आणि मेडिकल बिल दाखवलं नाहीत तर त्यावर टॅक्स अधिक २० टक्के जादा. एक्सेस आहे तिथेच. म्हणजे तेल गेलं तूप गेलं. त्याऐवजी एचएसए ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून एक्सेस कॉन्ट्रिब्यूशन रिमूव्हलचा फॉर्म मागायचा, बहुतेकांच्या साइटवर फॉर्म्सच्या यादीत खाली कुठेतरी असतो, त्यात टॅक्स वर्ष २०२४ लिहायचं, रक्कम ९०० लिहायची, कमाई ते लोक स्वतः काढतात. मग १०९९-एसए वर कोड २ येतो आणि बॉक्स २ मध्ये कमाई.

रिटर्नमध्ये फॉर्म ८८८९ (एचएसएचा फॉर्म) वर ओळ २ शून्य राहील (ती फक्त स्वतःच्या बँकेतून भरलेल्यांसाठी आहे, पगारातून कापलेले पण कंपनीचेच धरतात, यावर लोक फार अडखळतात), ओळ ३ वर ८,३०० आणि ओळ ९ वर ९,२००. सॉफ्टवेअर कुठेतरी विचारेल की मुदतीच्या आत काढणार का, तिथे हो म्हणा, ५४ लगेच जातील. पण हो म्हटलंत तर खरंच काढा.

फ्रिस्कोकर

अरे बापरे, इतकं सविस्तर! मनापासून धन्यवाद. मी खरंच ते नेहमीचं बटण दाबणार होतो. दोन प्रश्न. माझी आता दोन खाती आहेत, जुन्या कंपनीचं आणि नव्या, काढायचे कुठून? आणि कमाई म्हणजे काय, नव्या खात्यातले पैसे मी इंडेक्स फंडात टाकलेत.

आकडेमोड

लिमिट ओलांडली गेली ती नव्या खात्यात, तिथूनच काढा, तेच सरळ पडतं. दोन्हीकडून अर्धे अर्धे वगैरे भानगडीत पडू नका, दोन फॉर्म आणि दोन १०९९.

कमाई काढतात ती त्या खात्यात सरासरी किती टक्के वाढ झाली त्यावरून, नेमके तुमचे ते ९०० कुठे गुंतवले होते असं शोधत बसत नाहीत. फंड पडला असेल तर कमाई उणे पण निघू शकते, मग ९०० पेक्षा कमीच हातात येतात. आणि ही कमाई ज्या वर्षी काढाल त्या वर्षीच्या उत्पन्नात, म्हणजे आत्ता काढलेत तर २०२५ च्या रिटर्नमध्ये, जे तुम्ही २०२६ त भराल. ९०० मात्र याच रिटर्नमध्ये. एकाच चेकचे दोन तुकडे दोन वर्षांत, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. काढण्याआधी फंडातले थोडे विकून कॅश करून ठेवा, नाहीतर फॉर्म परत पाठवतात.

तिरकस

बरं, आता गंभीरपणे विचारतो. समजा त्यांनी काहीच केलं नाही, ५४ भरले आणि या वर्षी ९०० कमी टाकले तर? मी हे करून बसलोय दोन वर्षांपूर्वी आणि आभाळ कोसळलं नाही.

आकडेमोड

चालतं, बेकायदा काही नाही. २०२५ ची फॅमिली लिमिट ८,५५० आहे, ७,६५० च टाकायचे, मग मागचे ९०० या वर्षाच्या जागेत मावतात आणि या वर्षी त्यांचं डिडक्शन मिळतं, म्हणजे ते १९८ परत येतात. निव्वळ खर्च ५४. त्यासाठी फॉर्म ५३२९ चा भाग ७ (एक्सेसवरच्या दंडाचा) यंदा पण आणि पुढच्या वर्षी पण भरायचा, आणि इथेच लोक गाळतात. पुढच्या वर्षी विसरून परत पूर्ण ८,५५० टाकले तर ते ६ टक्के परत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत, जोपर्यंत निस्तरत नाही तोपर्यंत दरवर्षी. वर्षअखेरीला खात्यातच कमी शिल्लक असेल तर शिल्लकीवर ६ टक्के, एवढीच सूट.

माझं मत विचाराल तर, फॉर्म एक पानाचा असताना या वर्षाची ९०० ची जागा कशाला घालवायची? पेरोलमधून जाणाऱ्या पैशावर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के पण वाचतात, ते डिडक्शनमधून मिळत नाहीत. एक्सेस शंभर-सव्वाशेचा असता तर मी पण तुमच्यासारखंच म्हटलं असतं.

एडिसनचा_बंड्या

धागा वाचतोय. आम्ही न्यू जर्सीवाले, आमचं राज्य एचएसए मानतच नाही. माझा पण थोडा एक्सेस आहे, ६५० चा, यंदा काढणार आहे. फेडरलवर इतर उत्पन्नात गेले, मग स्टेटवर पण टाकायचे का?

मंजिरी_सनीव्हेल

बंड्या, कॅलिफोर्निया पण त्याच वर्गात, आणि मला यात अनुभव आहे म्हणून सांगते, नाही टाकायचे. तुझ्या डब्ल्यू-२ वर बॉक्स १ (फेडरलचा पगार) आणि बॉक्स १६ (स्टेटचा पगार) बघ, १६ मोठा असेल. एचएसएचे पैसे स्टेटने पगारातच धरून टॅक्स आधीच घेतलेला असतो. आता तेच परत इतर उत्पन्न म्हणून गेले तर एकाच पैशावर दोनदा. आमच्याकडे ते शेड्यूल सीएवर वजा करावे लागतात, सॉफ्टवेअर आपोआप करेलच असं नाही, डोळ्यांनी तपासून घे.

आता माझी स्वतःची कथा, आणि ही ९०० ची नाही. २०२४ ला मी माझ्या कंपनीत फक्त माझ्यापुरता हाय डिडक्टिबल प्लॅन घेतला, एचएसएत पूर्ण ४,१५० टाकले. नवऱ्याचा प्लॅन त्याच्या कंपनीत वेगळा आणि त्याने ओपन एनरोलमेंटला (प्लॅन निवडायच्या मुदतीत) जानेवारीपासून साधी हेल्थ एफएसए (पगारातून कापून उपचारखर्चासाठी ठेवायचं, एचएसएपेक्षा वेगळं खातं) पण घेतली. मुलांच्या चष्म्यासाठी. आता कळतंय की त्या एफएसएतून माझ्या खर्चाचे पण पैसे मागता येतात, म्हणून मी वर्षभर एचएसएला पात्रच नव्हते. खरंय का हे? मी त्यातला एक पैसा घेतला नाहीये.

आकडेमोड

खरंय, दुर्दैवाने. घेतले की नाही याला महत्त्व नाही, घेता आले असते एवढं पुरतं. वर्षभर एफएसए होती तर तुमची लिमिट शून्य, पूर्ण ४,१५० एक्सेस. १५ एप्रिलच्या आत सगळे काढा, ६ टक्के म्हणजे २४९ वाचतील. आणि काढताना २०२४ चेच काढा, आधीच्या वर्षांची शिल्लक तुमचीच आहे, तिला हात लावू नका.

यंदा त्याने परत तीच घेतली असेल तर तुमचा यंदाचा पेरोल आत्ताच थांबवा. गेल्या वर्षीच्या एफएसएला ग्रेस पीरियड (उरलेले पैसे वापरायची वाढीव मुदत) असेल, काही कंपन्या १५ मार्चपर्यंत देतात, आणि डिसेंबरअखेर त्यात पैसे शिल्लक होते, तर यंदाचे सुरुवातीचे महिने पण बाद. त्याच्या एचआरला विचारून घ्या. पुढच्या एनरोलमेंटला त्याने दात आणि डोळ्यांपुरतीच असलेली लिमिटेड पर्पज एफएसए घेतली तर दोघांचं जमेल, चष्मा त्यात बसतो.

मंजिरी_सनीव्हेल

चष्म्याच्या दोन फ्रेम्स. ठीक. फोन करते त्यांना आज.

नाना_६६

नमस्कार. तुम्हा तरुण मंडळींचं वाचतोय, माझा प्रश्न वेगळा आहे. वय ६६, अजून नोकरी करतो, कंपनीचा प्लॅन, फक्त माझ्यापुरता. मेडिकेअर घेतलं नव्हतं म्हणून एचएसए चालू ठेवलं. गेल्या सप्टेंबरमध्ये सोशल सिक्युरिटीचा अर्ज केला आणि त्याच दिवशी पेरोलला सांगून एचएसए बंद केलं, तोपर्यंत ३,००० गेले होते. मला वाटलं मी व्यवस्थित केलं. आता मेडिकेअरचं कार्ड आलंय त्यावर पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) मार्चपासून लिहिलंय. मी मार्चमध्ये काही मागितलंच नव्हतं.

आकडेमोड

नाना, तुम्ही काही चुकवलं नाहीत, नियमच तसा आहे. ६५ नंतर सोशल सिक्युरिटी घेतली की पार्ट ए आपोआप लागतो आणि तो जास्तीत जास्त सहा महिने मागे जातो. म्हणून अर्ज करायच्या सहा महिने आधीच एचएसए थांबवायचं असतं, हे सांगणारा कोणी भेटत नाही.

तुमचा हिशोब असा. २०२४ ची एकट्याची लिमिट ४,१५० अधिक ५५ वर्षांवरच्यांचे १,०००, एकूण ५,१५०. पार्ट ए लागण्याआधीचे पात्र महिने जानेवारी आणि फेब्रुवारी, म्हणजे बाराव्याचे दोन, ८५८ डॉलर. ३,००० गेलेत, एक्सेस २,१४२. तेवढे आणि त्यावरची कमाई १५ एप्रिलच्या आत काढून घ्या, वर जे फ्रिस्कोकरांना सांगितलं तेच सगळं. खात्यात आधीची जी रक्कम आहे ती मात्र निर्धास्त वापरा, मेडिकेअरच्या पार्ट बी चा प्रीमियम सुद्धा त्यातून देता येतो.

नाना_६६

आभारी आहे. जावई म्हणत होता सीपीएकडे (टॅक्सच्या अकाउंटंटकडे) जा, आता जाताना हा कागद छापूनच नेतो.

नवखा_एचवनबी

सगळ्यांना नमस्कार, माझं पण सांगा प्लीज. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इथे पहिली नोकरी लागली, एचडीएचपी घेतला, ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की १ डिसेंबरला पात्र असशील तर वर्षभराचं भरता येतं म्हणून मी स्वतःच्या बँकेतून पूर्ण ३,८५० भरले. मग २०२४ च्या मे मध्ये लग्न झालं आणि बायकोच्या कंपनीच्या पीपीओवर (एचडीएचपी नसलेल्या प्लॅनवर) गेलो कारण तो स्वस्त पडत होता. आता हे एक्सेस झालं का? काढून टाकू का?

आकडेमोड

थांबा, काढू नका! हे एक्सेस नाहीये, दुसरंच प्रकरण आहे. ऑफिसातल्याने सांगितलं ते खरं, पण अर्धं सांगितलं. डिसेंबरच्या पात्रतेवर पूर्ण वर्षाचं भरलं की पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत एचडीएचपीवरच राहावं लागतं. तुम्ही मे मध्ये बाहेर पडलात, म्हणून २०२३ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांच्या हक्काचे ६४२ सोडून बाकीचे ३,२०८ तुमच्या २०२४ च्या उत्पन्नात धरले जातात आणि त्यावर १० टक्के जादा, म्हणजे साधारण ३२१. हे फॉर्म ८८८९ च्या भाग ३ मध्ये जातं. पैसे खात्यातच ठेवा आणि औषधपाण्याला वापरा. काढलेत तर ते वेगळं डिस्ट्रिब्यूशन होईल आणि वरून २० टक्के अजून बसतील.

२०२४ मध्ये मे पर्यंत परत काही भरलं होतं का? असेल तर त्याची लिमिट त्या महिन्यांपुरती, तो हिशोब निराळा.

नवखा_एचवनबी

नाही, २०२४ ला काहीच नाही भरलं. लग्नाचा खर्च होता. धन्यवाद सर.

चाफेकळी

आकडेमोड, मी दिलेला सल्ला मागे घेते, पण एक विचारू? एखाद्याने रिटर्न फेब्रुवारीतच भरून टाकलं असेल आणि नंतर लक्षात आलं तर? माझ्या नणंदेचं तसं झालंय, आकडा बरोबर दाखवला पण काढले नाहीत.

आकडेमोड

वेळेत भरलंय ना, मग तिला १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. त्याआधी काढायचे, मग सुधारित रिटर्न १०४०-एक्स भरायचं आणि त्याच्या वरच्या बाजूला ‘फाइल्ड पर्सुअंट टू सेक्शन ३०१.९१००-२’ असं इंग्रजीत लिहायचं, सोबत थोडक्यात खुलासा. भरलेला ६ टक्के दंड परत मिळतो. आणि तिने स्वतःच्या बँकेतून भरले असतील तर उत्पन्नात वाढवायचं काही नाही, फक्त त्या जादा रकमेचं डिडक्शन घ्यायचं नाही.

फ्रिस्कोकर

मंडळी, काम झालं. फॉर्म सापडला, खरंच यादीच्या तळाशी होता. भरताना एका ठिकाणी अडलो, कारणात दोन पर्याय होते, एक ‘चुकून झालेलं डिस्ट्रिब्यूशन’ आणि दुसरा ‘एक्सेस कॉन्ट्रिब्यूशन’, नावं एकाखाली एक आणि चौकोन अगदी चिकटून. दुसऱ्यावर टिक केली. मग त्यांचा फोन आला की कॅश कमी आहे, फंड विकला, परत पाठवलं.

त्यांनी काढलेला हिशोब पण पाठवला. खातं जुलैत नव्याने उघडलं म्हणजे सुरुवात शून्य, २०२४ चे ४,६०० आणि यंदाचे आत्तापर्यंतचे २,४००, मिळून ७,०००. काढायच्या दिवशी शिल्लक ७,२८०. वाढ ४ टक्के, म्हणून ९०० वर ३६. चेक ९३६ चा आलाय. सॉफ्टवेअरमध्ये हो म्हटलं, ५४ गेले, १९८ राहिले, आता निदान कशाचे ते माहितीये. ३६ चं पुढच्या वर्षीसाठी फोल्डरमध्ये चिठ्ठी करून ठेवली. तुमचे उपकार आहेत हो आकडेमोड, डॅलसला आलात तर घरी जेवायला या.

आकडेमोड

जेवायला नक्की. पण एक मिनिट, यंदाचे आत्तापर्यंत २,४०० कसे? मार्चचा पगार अजून व्हायचाय ना?

फ्रिस्कोकर

हो, महिनाअखेरीला होतो. कंपनीचे १,००० जानेवारीत आले, आणि माझे जानेवारी फेब्रुवारी ७००-७००. लिमिट वाढली म्हणून मी यंदा ७०० केले, बाराने गुणलं तर ८,४००, म्हणजे ८,५५० च्या आत.

आकडेमोड

आणि कंपनीचे १,०००?

तिरकस

😂😂 पुढच्या वर्षीचा धागा आत्ताच बुकमार्क करतो.

फ्रिस्कोकर

९,४००. परत ८५० जास्त. एफएसएसारखं हे पण वर्षभरासाठी लॉक असतं का?

आकडेमोड

नाही, एचएसएचा आकडा वर्षाच्या मध्ये केव्हाही बदलता येतो, बदल पुढच्या पगारापासून लागू. ८,५५० मधून कंपनीचे १,००० आणि तुमचे गेलेले १,४०० वजा करा, उरले ६,१५०, मार्च ते डिसेंबर दहा पगार, महिन्याला ६१५. आणि तो ९३६ चा चेक परत एचएसएत टाकू नका, तो यंदाचा भरणा धरला जाईल. चेकिंगमध्ये टाका.

फ्रिस्कोकर

पोर्टलवर ६१५ केले. कन्फर्मेशन मेल आला, ३१ मार्चच्या पगारापासून लागू असं लिहिलंय. चेक पण चेकिंगमध्येच टाकला.